डोळ्यांची उंची

पुंता अरेनासमध्ये भिंत म्हणजे
आत पाइनच्या फळ्या, बाहेर पत्रा
आणि मधे वारा.
मी बोटाच्या पेरानं ठोकत जातो,
डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसा:
पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एकदम भरीव.
तिथे पेन्सिलची फुली.

यास्नानं चौकटीच्या कागदावर खोली आखली होती.
पंचाहत्तर इंची. बत्तीस किलो.
अडीच मीटरवर सोफा, राखाडी,
हप्त्यावर आणलेला, अजून प्लास्टिकात.
पडदे कुठल्या रंगाचे, वायर कुठून,
सगळं बाण काढून दाखवलेलं.
चुलीवर टांगायचा नाही, एवढं मी सांगितलं,
ताप सोसत नाही त्याला.
'मग चूल हलवा,' लादिस्लाओ म्हणाला.
कुणी हसलं नाही.
छपराचा एक खिळा बाहेर वाजत होता.

कागदावर सगळं होतं, एक खुर्ची सोडून.
खुर्ची खोलीत होती.
चुलीशेजारी, वेताची, एक हात दोरीनं बांधलेला,
आणि तिच्यात लादिस्लाओची आई, एदुविना,
मोजे विणत, सुयांकडे न बघता.
माझी वायर नेमकी तिच्या पाठीमागून जाणार होती.

टीव्ही भिंतीला लावायचा नसतो,
डोळ्यांना लावायचा असतो.
म्हणून मी घरातल्या सगळ्यांना बसवतो
आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंत टेप धरतो.
लोक लाजतात. फोटोला बसल्यासारखे ताठ होतात.
रोज रात्री बसता तसे बसा, मी म्हणतो,
मग खरे आकडे येतात.
वहीत आहेत:
यास्ना, एकशे आठ.
लादिस्लाओ, एकशे चौदा, पाच मिनिटांनी ब्याण्णव.
मिर्को, वय नऊ, जमिनीवर पालथा, एकतीस.

टेप घेऊन एदुविनाकडे गेलो.
'माझी नको,' ती म्हणाली.
'मला त्याच्या बाजूला बसव.'
बाजूला म्हणजे?
तिनं सुईनं दाखवलं:
पडद्याच्या उजव्या कडेला, भिंतीला पाठ,
तोंड सोफ्याकडे.
'तिथून काही दिसणार नाही,' यास्ना म्हणाली.
'तुम्ही दिसाल की.
इतकी वर्षं सगळ्यांची तोंडं चुलीकडे होती,
मी चुलीजवळ होते.
आता तोंडं तिकडे वळणार,
तर मीही तिकडे.'

यास्नानं रबर शोधलं. सापडलं नाही.
शेवटी पेनानंच एक गोल काढला कागदावर,
वाकडा, बाणांच्या मधोमध.

भोकं पाडली. चार बोल्ट.
ब्रॅकेटला लोंबकळून बघितलं,
ते मी नेहमीच बघतो.
लावला. आवाज बंद ठेवला,
भिंत किती कुरकुरते ते ऐकायला.
कुठलासा सामना चालू होता.
पेनल्टी.
खेळाडूनं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला.
यास्नाचा हात तोंडावर.
लादिस्लाओ परत एकशे चौदावर.
मिर्को उठून बसला.
'गेला बाहेर,' एदुविना म्हणाली,
आणि टाके मोजायला लागली.

मग वाऱ्यानं वीज नेली, इथे नेतोच.
काळ्या काचेत चुलीचा उजेड,
प्लास्टिकातला सोफा, त्यावर दोघं, खाली पोरगं,
मागे ड्रिल धरून मी.
ती काचेत नव्हती.
चौकटीच्या बाहेर अंधारात
सुया तेवढ्या वाजत होत्या.

वहीत तिच्या नावापुढे आकडा नाही.
खुर्ची हलवल्याचे पैसेही मी लावले नाहीत,
तर तिनं दारात एक मोजा हातात ठेवला.
एकच. दुसऱ्याची टाच राहिली होती.
गाडीत बसून घालून बघितला.
नीट बसला, अंगठ्याशीसुद्धा.
माझं माप तिनं केव्हा घेतलं, कुणास ठाऊक.
दुसरा न्यायला गुरुवारी बोलावलंय.