मोजमाप

ग्वाल्हेरला जानेवारीत सूर्य
अर्ज न देताच दांडी मारतो.
आठ वाजून गेले तरी फूलबागेत
झाडांच्या जागी नुसता झाडांचा अंदाज.
नानांच्या अंगात दोन स्वेटर, वर कोट, वर मफलर,
आणि कोटाच्या खिशात, कशाला कोण जाणे,
पाच मीटरचा जुना टेप.

फाटकाशी रामसेवक कुशवाह शेंगा भाजतो.
"साब, आज भी?"
"आज भी," नाना म्हणतात, आणि मला मराठीत:
"याच्या बापाला मी मस्टरवर घेतला होता.
चाळीस रुपये रोज."

आम्ही एक फेरी मारतो.
लाफ्टर क्लबातली माणसं दिसत नाहीत,
धुक्यातून नुसतं हसू येतं, वेळ लावून.
एक सरदारीण काकू भरभर चालतात,
नवरा चार पावलं मागे, खिशात रेडिओ.
कुणाचं तरी पोरगं घसरगुंडीवरचं दव
स्वतःच्या चड्डीने पुसतंय, पुन्हा पुन्हा.
देऊळ, मशीद, गुरुद्वारा, सगळं इथे हाकेवर,
नानांना तिन्हीकडे जायचं नसतं.
त्यांना भिंतीकडे जायचं असतं.

भिंतीपलीकडे स्वर्णरेखा.
म्हणजे नाव तेवढं.
"नदीला फरशी घातलीत तुम्ही,"
असं एकदा मी म्हणाले होते,
लग्नाआधी, रागाने, भरल्या पानावरून.
त्यांनी ताक मागितलं होतं.

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
फेब्रुवारीची तारीख मिळालीय.
जाळीला नाक लावून विचारतात,
"पाणी किती?"
मी वाकते.
काळी पट्टी, साडीच्या काठाएवढी रुंद,
तीत एक चप्पल, थर्माकोलचं अर्धं मखर,
आणि एक बगळा, इतका पांढरा
की पत्ता चुकून आल्यासारखा.
"घोट्यापर्यंत," मी म्हणते.
"वाहतंय?"
इथे मला जरा वेळ लागतो.
"हळू."
ते मान हलवतात, बेरीज जुळल्यासारखी.
"तळाला उतार आहे. दिसत नाही, पण आहे.
लेव्हल मी स्वतः घेतली, सत्तेचाळीस डिग्रीत,
डोक्यावर ओला टॉवेल टाकून.
हुकूम वरून आला होता. सही माझी."
थोडं थांबून, पुन्हा:
"सही माझी."

पलीकडच्या उतारावर, काँक्रीटच्या दोन लाद्यांत,
पिंपळ आलाय. चांगला पुरुषभर.
वारा नाही, तरी त्याची पानं काही ना काही करतायत.
सांगू की नको, करत सांगून टाकते.
वाटतं, आता चिडतील:
देखभाल नाही, मुळं सगळं उखडतील.

"कुठे? लादीच्या मधोमध की सांध्यात?"
"सांध्यात."
"हां," म्हणतात. "सांधा सोडावाच लागतो.
उन्हाळ्यात सिमेंट फुगतं,
त्याला कूस बदलायला जागा हवी. बोटभर.
डांबर भरलं होतं आम्ही. गेलं असेल वितळून."

मग टेप बाहेर निघतो.
जाळीच्या भोकातून पिवळी पट्टी
कडकडत धुक्यात जाऊ लागते,
एक मीटर, दीड, दोन,
आणि मध्येच मोडून खाली लोंबते.
"किती झालं?"
"अडीच."
"नाही पोचत," म्हणतात. आवाजात राग नाही.
बटण दाबतात.
पट्टी सणसणत परत येते,
तेवढ्यावर बगळा उठतो, आणि दिसेनासा होतो.

फाटकाशी शेंगा घेतल्या.
पुडी गरम, कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा कागद.
रामसेवक पैसे घेत नव्हता, नानांनी घ्यायला लावले.
टेम्पोत बसल्यावर बराच वेळ ते गप्प,
सालं काढत, दाणे माझ्या हातावर ठेवत.
पडावच्या पुलावर एकदम म्हणाले,
"पुरुषभर म्हणालीस ना?"
"हो."
"म्हणजे सहा-सात वर्षं झाली.
मला कुणी बोललं नाही."