अंगठा

मे महिना. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास
आणि खिडकीबाहेर डांबर सोडणारा रस्ता.
तिसऱ्या दिवशीही मी तेच टाइप करतो :
राख, काँक्रीट, तडे.
सहा हजार दोनशे लेख येतात.
त्यांत ज्वालामुखी, उसाची चिपाडं,
आणि परदेशातलं, राखेच्याच नावाचं एक झाड,
त्याच्या फळ्या दमट हवेत कशा वाकतात ते.

टेंभुर्णेबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे उभ्या.
"काहून रे, पडद्यालेच पाहून रायला का?
कोनती राख? कुठं फुटलं? कवा?"

कोराडीची, मी म्हणालो. पातळ फरशा.
भर दुपारी काहीच होत नाही,
रात्री दीडच्या सुमाराला, निवताना तडकतात.
पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

"मंग हेच लिही ना बाप्पा.
पापड नको लिहू. निवनं लिही."

एकोणीस उरले.
अठरा उघडले. एकोणिसावा बंद,
आणि अठरांच्याही तळटीपांत त्याचंच नाव.
आमच्या लोखंडी रॅकवर त्या मासिकाचे खंड
त्याच्या आदल्या वर्षापर्यंत येऊन थांबतात.
वर्गणी परवडली नाही. पुढे भिंत.

बाईंनी रुरकीला लिहिलं.
बावीस दिवसांनी झेरॉक्स आली.
पान दोनशे चौदा, नेमक्या समीकरणावर
कुणाचा तरी अंगठा :
खंड दाबून धरलेला, काळा, रेषांसकट.
त्याच्याखाली मला हवा तो गुणांक.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ नेलं.
"किती जोर लावला बिचाऱ्यानं.
जुनी बांधनी उघडत नाही सहजी."
माझा राग कुठे ठेवावा, मला कळेना.

पंधरा रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर
फरशा, तापमापी, डासांची उदबत्ती.
खालून वॉचमन दौलत ओरडे, "झोपा ना साहेब!"
शून्य पूर्णांक सात तीन, असं काढलं मी.

जुलैत स्वच्छ प्रत आली : सात आठ.
नोंदवहीत सही केली.
पहिली प्रत कुणी परत मागितली नाही,
मीही दिली नाही.

प्रबंधात आभाराच्या पानावर बाईंचं नाव आहे.
त्याखाली मी एक ओळ कोरी सोडली होती.
धंतोलीच्या टायपिंगवाल्याला ती चूक वाटली,
त्यानं खालचा मजकूर वर ओढून घेतला.