पोटात घालणे

तीन हजार सहाशे मीटरखाली, दिव्याच्या झोतात
पेला भरला आणि द्रव उतू गेला.
विरघळला नाही.
काठावरून निसटून चिखलावर
काचेच्या गोट्यांसारखा घरंगळला,
अंगावर बर्फाची पातळ साय धरून.

वर जहाजावर टाळ्या पडल्या.
इंगुनच्या हातात कॉफी होती.

मग मासा आला एक, उंदरासारख्या शेपटीचा,
ज्याच्या सात पिढ्यांनी एवढा उजेड पाहिला नव्हता.
गोटीला त्यानं नाक लावलं
आणि कलंडला.
‘झोपला,’ आस्ब्यर्न म्हणाला.
प्रवाहानं त्याला हळूच झोताबाहेर सारलं.
नोंदवहीत: मासा, एक.

महिन्यानं चिखल वर आला, नळ्यांमधून.
आंदनेसच्या प्रयोगशाळेत, खिडकीत दुपारीच अंधार,
ती कृमी मोजत बसली.
गुलाबी रंग धरतात ते वर येईपर्यंत जिवंत होते,
बाकीची नुसती कातडी.
दूरच्या नळीत गुलाबी, गुलाबी, गुलाबी.
जवळच्या नळीत –
तिनं भिंग दोनदा पुसलं.
समुद्रकाकडी बोट लागताच पाणी झाली.
तारामाशाचा हात म्हणजे
फळा पुसल्यावर बोटांना लागतो तेवढा खडू.

संध्याकाळी बापाचा फोन.
तोर्गेर. पंचेचाळीस वर्षं हॅलिबट धरलेला.
‘किती मेले?’
‘मोजतेय.’
‘आम्ही काय काय टाकलं त्यात! मुंडकी, आतडी, डिझेल,
एकदा तर अख्खा फ्रिज.
समुद्रानं सगळं पोटात घातलं.’
‘बाबा, पोटात घातलं, की पोटात राहिलं?’

पलीकडे किटली शिट्टी देऊन थांबली.
मग म्हातारा म्हणाला,
घरामागची हिमनदी आता खिडकीतून दिसत नाही,
बघायची तर चढून जावं लागतं,
आणि गुडघे ऐकत नाहीत.
‘धूर मग ठेवायचा तरी कुठे, पोरी?’

याला तिच्याकडे रकाना नव्हता.
हवेत सोडला तरी तो इथेच उतरतो,
वरच्या पाण्यातून, पायरी पायरीनं,
दार न वाजवता.

फोन ठेवून ती परत भिंगावर वाकली.
जवळची नळी, सहावा सेंटिमीटर.
कडेला एकच, सुतळीच्या तुसाएवढा,
गुलाबी.
की डोळ्याचा थकवा?
अंगठा मोजणीच्या बटणावर तसाच राहिला.

बाहेर धक्क्यावर कुणीतरी
बादलीभर काहीतरी पाण्यात ओतलं.
आवाज झाला.
मग झालाच नव्हता जणू.