थोल

तृतीय वर्षाचा तास. मोगी वळवीनं मागच्या बाकावरून विचारलं,
मॅडम, ह्या शब्दापुढं खंजीर कशाला काढलाय?

थोल. क्रियापद. जुनं इंग्रजी.
खंजीर म्हणजे मेलेला शब्द, मी सांगितलं.
अर्थ: सोसणे, ओझं खाली न टाकता उभं राहणे.
उत्तरेकडच्या थंड डोंगरांत मेंढ्या राखणारे
अजून म्हणतात म्हणे,
हिवाळा थोलला, बायकोचं जाणं थोललं.
म्हणजे पुरता मेलेला नाही.
मोगी घरी भिली बोलते.
तिनं नुसतं वर पाहिलं.

मग मुळाकडं उतरत गेलो.
तळाशी एक धातू: उचलणे, पेलणे.
लॅटिनात गेला त्याचा टॉलरेट झाला,
आपल्याकडं आला त्याची
तुला.
खडू फळ्यावरच थांबला.
आपल्या त चा तिकडं थ होतो,
तीनचा थ्री होतो तसा, हा नियमच आहे,
एवढं बोलले आणि तास संपला.

माझे वडील झुलाल तोलारी.
नंदुरबारच्या मिरची बाजारात एकतीस वर्षं.
पथारीच्या कडेला काटा, नाकाला ओला रुमाल,
पहिल्या पोत्याला एक म्हणायचे नाहीत,
लाभ म्हणायचे,
मग दोन, मग तीन, मग खोकला.
डोळ्यांना पाणी यायचं ते येऊ द्यायचे.
पुसणार कशानं? हात मिरचीचेच.

आई गेली ती ऐन मोसमात.
चौदाव्या दिवशी काट्यावर उभे राहिले,
दिवसभर डोळे वाहत होते,
सारा बाजार येऊन जाऊन होता.
कुणी काही विचारलं नाही.
लाभ, दोन, तीन.

संध्याकाळी घरी गेले तर कवळी वाटीत,
पोपड्या निघालेल्या भिंतीला टेकून बसलेले.
सगळं सांगितलं त्यांना, मेंढ्या, डोंगर, लॅटिन.
ऐकून घेतलं. बोळक्या तोंडानं म्हणाले,
थोल.
माझा शब्द म्हणाले की त्यांचा,
मला कळेना. पुन्हा म्हणायला लावलं.
थोल, म्हणाले, आणि वैतागून,
यामा नवं काय शे वं?

उद्या मोगीला सांगायचं आहे.
खंजीर मात्र छापलेला आहे,
खोडरबरानं जाणार नाही.