सुम्ने

मंगळवारी पहाटे माग सुरू झाले नाहीत
आणि त्या शांततेनंच मला जाग आली.
आमच्या वडगावात खडखडाटावर झोप लागते;
भिंत थरथरली नाही की छातीत धस्स होतं,
कोण गेलं?

कोणी नाही. देवीचा वार.
कांड्यांच्या चाकावर फडकं,
लोकूर मालकांच्या शेडात बारा माग
माना टाकून उभे.

माझं काम घरातलं.
आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवायच्या,
मग त्याबरहुकूम जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची.
कुठला धागा उचलायचा, कुठला नाही,
ते मागाला माझी भोकं सांगतात.
पुठ्ठ्यामागं मजुरी. मला कुठला वार?

मागल्या मंगळवारी दार लावून घेतलं,
वाकळ दुमडून पंचाखाली सरकवली,
ठोका बाहेर जाऊ नये म्हणून.
चोरून विडी ओढणारे बघितलेत,
चोरून राबणारी मीच पहिली.
कुयरी उलटी पडली. देठ वर, टोक खाली.
विणल्यावर कळलं.
दोन वार फुकट गेले :
एक देवीचा, एक कापडाचा.

इरव्वानं ते कापड उलटं धरून बघितलं,
हसली, घडी घालून दिलं.
कोपाबिपाचं काही बोलली नाही.

आज ती तिच्या पायरीवर बसलीय.
चाळीस वर्षं कांड्या भरलेले तळवे
मांडीवर उताणे.
काय करालीस गं?
म्हणाली, सुम्ने.

मी माझ्या भाषेत शोधलं.
उगीच म्हणावं, तर त्यात थोडी चूक कबूल केल्यासारखं वाटतं.
गप म्हटलं की कुणीतरी दटावलेलं असतं.
निवांत फक्त कामं आटोपलेल्यांना मिळतो,
आणि रिकामा म्हटलं
की न्हावी तुंबड्या घेऊन हजरच.
तिच्या शब्दाला कारण जोडलेलंच नाही.
सीमेवर राहायचा एवढा तरी फायदा :
आपल्या घरात नसलेलं
शेजारून मागून आणावं, विरजणासारखं,
आणि मग सारखं झाकण काढून बघू नये.

बसले तिच्या बाजूला.
आधी बोटं ऐकेनात,
मांडीवरच भोकं पाडायला लागली,
आठ, सोळा, आठ.
मग इरव्वानं न बघताच
तिचा हात माझ्या हातावर ठेवला,
खिडकीच्या दारापाठी दगड ठेवावा तसा.

तिसऱ्या गेटावर गाडीनं शिट्टी दिली.
ती इथवर येते, हे मी विसरलेच होते.
कोपऱ्यावरच्या घरात कुणीतरी खोकलं,
कुणीतरी तांब्या पुढं केला असावा,
खोकला थांबला.
गटाराच्या कडेला अडकलेला लाल धागा
पाण्याबरोबर सरळ व्हायचा, वळायचा, पुन्हा सरळ.
त्याचं मी काहीच केलं नाही.

रात्री अंथरुणावर एक हिशेब मात्र आला :
पुठ्ठ्यावर भोकं थोडी, कोरी जागाच जास्त.
कोऱ्या जागेवर धागा खालीच राहतो,
आणि खाली राहिलेल्या धाग्यांमुळंच
फुलाला काठ मिळतो.
न पाडलेल्या भोकांचे पैसे मी कधी मागितले नाहीत.
मागणारही नाही. कोण देतंय!

बुधवारी माग लागले, भिंत थरथरली.
मला नवं काही सुचलं नव्हतं.
सुचलं असतं तर मी ते नफ्यात धरलं असतं,
मग मंगळवारही कामावरच गेला असता.
फक्त एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत
चार घरं जास्त सोडली.

लोकूर मालकांनी चष्मा वर करून कागद बघितला.
"जर वाचंल खरी. खरं ही मोकळीक कशाला, ओ?"

सुम्ने, म्हटलं.

त्यांनी मान हलवली, कागदाची सुरळी केली.
हा शब्द ऐकल्यावर
इकडं पुढं कुणी विचारत नाही.