बारावं नाव

फेब्रुवारीत अर्ज येतात, पुढच्या वर्षाचे.
फिकट पिवळा कागद, आठ तास, आठ ओळी,
आणि तळाशी पालकांची सही,
जी निम्म्या मुलांनी बसमध्येच ठोकलेली असते.

सहाव्या तासाला दोन विषय समोरासमोर:
वेल्डिंग,
आणि माझा कॉम्प्युटर सायन्सचा वर्ग, नवे-जुने एकाच खोलीत.
बारा नावं आली तर चालेल,
नाहीतर मला बीजगणिताची आणखी एक तुकडी.
मोंटानातल्या ह्या गावात तांब्याची खाण मिटल्यापासून
सगळं असंच मोजून मिळतं.
डॉक्टर आठवड्यातून दोनदा.
बर्फ काढायची गाडी, एक.

अकरा अर्ज आलेत.
बारावा डेला ट्रेवॅनियनचा.
तिनं पेन्सिलीनं एक चौकट भरली, खोडली,
दुसरी भरली, खोडली,
पुन्हा पहिली,
शेवटी कागदच हरला:
दोन्ही चौकटींच्या मधोमध मसुराएवढं भोक.

काउन्सेलर पेनहॅलो म्हणाला, "तूच बघ काय ते."
मी अर्ज खिडकीशी धरला.
भोकातून खाणीचा गंजका मनोरा दिसला, आणि थोडं आभाळ.
खरं सांगते, पेन माझ्या हातात होतं.
एवढासा ठिपका. कुणाला कळलं असतं?

शाळा सुटल्यावर ती स्वतःच आली.
आईचा जाड कोट, बाह्या ठिणग्यांनी जागोजागी जळलेल्या.
"वेल्डिंगला वर्षाच्या शेवटी फाटक तयार होतं.
लोखंडी. उघडतं, मिटतं.
तुमच्याकडे पदरात काय पडतं?"

ह्याची उत्तरं मला पाठ आहेत:
नोकरी, पगार, सिअ‍ॅटल.
त्यातलं एकही तोंडातून निघेना.
म्हटलं, ऑक्टोबरमध्ये राडे व्हुकोविच
नऊ दिवस एक कंस शोधत होता.
उघडलेला, मिटायचा राहून गेलेला.
सापडला तेव्हा पडद्यावर नुसता एक आकडा उमटला,
आणि राडे खुर्चीवर चढून उभा राहिला.

डेला हसली.
"आईपण चीर अशीच शोधते. दिवा धरून,
गाल लोखंडाला लावून."
मग गप्प.
मग, "किती जण झालेत?"
"पुरेसे," मी म्हणाले,
आणि उगाचच फळा पुसायला लागले.

सोमवारी नवा अर्ज. शाईनं.
वेल्डिंग.
चौकट इतकी नेटकी भरलेली
की धड रागही धरता येईना.

जेवणाच्या सुट्टीत अकरांना बोलावून सांगितलं.
कुणीतरी सफरचंद चावायचं थांबलं.
राडे मुंडी मोजायला लागला,
मी शिकवलं तसं, शून्यापासून:
शून्य, एक, दोन,
"दहापर्यंतच पोचतोय. असं मोजलं तर आणखीच कमी भरतोय आपण!"
हशा पिकला आणि लगेच विरला.
तेव्हा मागून आयली कोस्केला,
जी ऑक्टोबरपासून हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते,
तिनं माझ्याकडे बोट केलं.
"शून्य त्या."

कुणी काही बोललं नाही.
राडेनं पुन्हा सुरुवात केली, ह्या वेळी माझ्यापासून.
शून्य मी.
अकरा आयली.
नावं, बारा.

सत्तावन्नाव्या वर्षी पिवळ्या कागदावर
मी माझंच नाव लिहिलं, इयत्तेपुढे रेघ मारली,
सहाव्या तासाची चौकट भरली. एकदाच. न खोडता.
पेनहॅलोनं चष्मा कपाळावर चढवला,
कागद वरपासून खालपर्यंत वाचला,
परत माझ्याकडे सरकवला.
"पालकांची सही राहिलीय," म्हणाला,
चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता.

आई चौऱ्याऐंशीची. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते.
तिथलं फाटक कुरकुरतं, जोडावर तडकलंय,
हे आज चढताना पहिल्यांदा लक्षात आलं.
मी कागद तिच्या मांडीवर ठेवला, पेन दिलं.
"पुन्हा नापास झालीस?" तिनं विचारलं,
आणि कापऱ्या हातानं सही करत राहिली,
ओळीच्या बाहेर जाईपर्यंत.