डोळा लवायचा नाही

सोमवार, म्हणजे दुकान बंद.
तरी नऊ वाजता शटर वाजवलं कुणीतरी.
सिमियू. बेगमपुऱ्यातच भाड्यानं राहतो,
विद्यापीठात शिकतो. मराठी मोडकी, हसू शाबूत.
म्हणाला, काका, सगळे काढा.

सगळे? माझा हात थांबला.
कोण गेलं रे?

कोणी नाही. धाकटा भाऊ
आज पुरुष होतोय.

मोबाइल आरशाला टेकवून ठेवला त्यानं.
तिकडं आत्ता कुठं उजाडलेलं.
नदी, धुकं, माणसांचा घोळका,
मधोमध तो भाऊ, नाव खिसा
(खरंच खिसा; पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो),
डोक्यापासून पायापर्यंत गार चिखल थापलेला,
मनगटांत लोखंडी घंटा.
पोळ्याच्या आदल्या रात्री आमच्या गेवराईत
गोठ्यागोठ्यातून वाजायच्या, तशाच.
मामा-मावश्यांच्या दारोदार नाचून
आवतण देऊन आलाय, सिमियू सांगतो.
आता नुसतं उभं राहायचं. सुरी येईल.
ओरडायचं नाही. डोळा लवायचा नाही.
लवला तर नाव जातं. घराचंही जातं.

मी पाणी मारलं. फेस नको म्हणाला.

मला उगाच माझा दिवस आठवला.
बापानं आधी फेस लावून फुगे दिले होते,
किती फोडले. मग एका बाजारच्या दिवशी
चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना
तो स्वतःच खुर्चीत बसला,
मान मागं टाकली
आणि गळा माझ्यापुढं केला.
तेरा वर्षांचा होतो मी.
त्याची घाटी हलली नाही.
नंतर कुणी विचारलं नाही, झालास का रे.
त्यानं फक्त वस्तरा
परत मागितला नाही.

पडद्यावर गडबड. एक म्हातारा पुढं सरकला
आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं:
चिखल, उघडे डोळे,
त्यांच्यावर फिरत राहिलेलं ते गोल चक्र.

सिमियू पुढं झेपावला. पातं लागलं कानामागं.
रक्ताचा ज्वारीएवढा दाणा.
मी तुरटी शोधत राहिलो, ती हातातच होती.

काका, तुम्ही बघितलं? लवला?
कुणाचं विचारतोय, कळेना.
नाही, म्हणालो.

पैसे घेतले नाहीत. सोमवारी घेत नाही म्हटलं.

केस झाडत होतो, तेव्हा गल्लीच्या टोकाकडून
एक लांबलचक आरोळी आली.
शेजारची माणसं धावत बाहेर आली, काय झालं, काय झालं.
मला सांगता आलं असतं.
मी झाडत राहिलो.